लँग्वेज निवडताना माणसांचाही विचार करा

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. ओपन सोर्स प्रोजेक्ट सुरू करायचाय, पण कुठल्या लँग्वेजमध्ये? मी म्हणेन, आधी हे विचारा: माझ्यानंतर या कोडला हात कोण लावणार?

उदाहरण घेऊ. फिश नावाचं एक शेल आहे. शेल म्हणजे टर्मिनलमध्ये आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. अँड्रॉइडवर टर्मक्स असेल, तर फिश तुमच्या फोनवरही चालतं. 2005 पासूनचा प्रोजेक्ट. सी प्लस प्लसमधला त्याचा कोड व्यवस्थित चालत होता. तरीही 2023 च्या सुरुवातीला मुख्य मेंटेनरने प्रस्ताव मांडला, सगळं रस्टमध्ये नेऊया.

का? तांत्रिक कारणं होतीच. पण एक कारण सरळसरळ माणसांचं होतं: सी प्लस प्लससाठी पुढे नवे लोक मिळणं अवघड होत जाणार, आणि रस्टची कम्युनिटी वाढतेय.

आता किंमत बघा. जवळजवळ दोन वर्षं लागली. सी प्लस प्लसच्या सुमारे 57 हजार ओळी गेल्या आणि रस्टच्या सुमारे 75 हजार आल्या. एका झटक्यात नाही, तुकड्यातुकड्याने, मधल्या काळात दोन्ही लँग्वेज एकत्र नांदवत. फेब्रुवारी 2025 मध्ये 4.0 आलं, पण त्यात सिगविनचा सपोर्ट सोडावा लागला. म्हणजे नव्या लोकांसाठी दार उघडताना काही जुन्या वापरणाऱ्यांसाठी ते बंद झालं.

या काळात 200 हून जास्त लोकांनी फिशला हातभार लावला. मग ही सगळी रस्टची जादू? नाही! कमांड अर्धी टाइप केली की फिश पुढचे पर्याय सुचवतं ना, त्या सूचनांच्या फाइल्स फिशच्याच सोप्या स्क्रिप्टमध्ये असतात. एखादी सुधारायला रस्ट यायलाच हवं असं नाही. नवख्या माणसाला पहिलं पाऊल टाकायला अशी छोटी पायरी लागते.

उलट बाजूला लिनक्स कर्नल बघा. 1991 पासून मुख्यतः सी, शिकायला कठीण, तरी हजारो लोक त्यात कोड देतात. कारण त्यांचं काम त्यावर अडलेलं असतं. म्हणजे लँग्वेज दार उघडते, पण माणूस आत येतो तो गरजेपोटी.

तेव्हा निवडताना तीन गोष्टी तपासा. हा प्रोजेक्ट वापरणाऱ्यांना कुठली लँग्वेज येते? नवा माणूस एका संध्याकाळी तो स्वतःच्या मशीनवर चालवू शकेल का? आणि मूळ कोडला हात न लावता करता येईल असं एखादं काम त्याच्यासाठी आहे का?

पहिल्याचं उत्तर सापडलं की लँग्वेज जवळपास ठरलीच. बाकीची दोन कामं मात्र कुठलीच लँग्वेज तुमच्यासाठी करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागतात. भेटू पुढच्या भागात!