जरा खाली बघून चाला!

बर्लिनमध्ये फिरताना आपली मान कायम वर. ब्रांडेनबुर्ग गेट, टीव्ही टॉवर, फोटो, आणखी फोटो. पण एखाद्या साध्याशा गल्लीत, बेकरीच्या दारासमोर वगैरे, पायाखाली अचानक काहीतरी चकाकतं. फुटपाथच्या दगडांत बसवलेला, तळहातावर मावेल एवढा पितळी चौकोन. वाकलात की पहिली ओळ दिसते: इथे राहत होती. मग नाव, जन्मसाल, घरातून नेलं ते वर्ष. आणि शेवटी, आउशविट्झ.

याला म्हणतात श्टोल्परश्टाइन. म्हणजे ठेच लागणारा दगड. खरं तर तो फुटपाथच्या लेव्हललाच असतो, ठेच लागते ती डोळ्यांना. गुंटर डेम्निग या कलाकाराची ही आयडिया. पहिला दगड १९९२ साली कोलोनमध्ये बसला. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात त्याने पन्नासेक दगड चक्क परवानगी न घेताच बसवून टाकले! मे २०२३ मध्ये न्युर्नबर्गला एक लाखावा दगड बसला. ज्यू, रोमा, समलिंगी, अपंग, नाझींचे राजकीय विरोधक, सगळ्यांसाठी.

दगड डेम्निगचा, पण नावं शोधतं कोण? त्याच गल्लीतली माणसं. शाळेतली पोरं, रिटायर्ड शिक्षक, दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी जुन्या याद्या चाळणारे तुमच्या-आमच्यासारखे लोक. 'आपल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा कोण राहायचं?' एवढ्या एका प्रश्नावरून सुरुवात होते. मग जुनी पत्त्यांची पुस्तकं, १९३९ची जनगणना, गाड्यांत कोंबून पाठवलेल्यांच्या याद्या. सगळ्यात अंगावर येतो तो मालमत्तेचा फॉर्म. न्यायच्या आधी ज्यूंकडून तो भरून घेत. किती खुर्च्या, किती शर्ट, किती रुमाल. बर्लिनच्या लोकांचे असे हजारो फॉर्म आज पॉट्सडामच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. आपण राहतो त्याच फ्लॅटमधल्या रुमालांचा हिशेब वाचायचा म्हणजे... असो.

दगडाचा खर्च वर्गणीतून. अनेक वर्षं तो १२० युरो होता. अक्षरं मशीनवर नाही, हातोडीने एकेक करून ठोकतात. आणि 'सौजन्य' अमुक-तमुक अशी ओळ शोधू नका, पैसे देणाऱ्याचं नाव दगडावर नसतंच.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही हं. म्युनिकने २००४ मध्ये सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवायला नकार दिला आणि २०१५ मध्ये तो कायम केला. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी स्वतः नाझींपासून लपून वाचलेल्या. त्यांचं म्हणणं, ज्यांना तेव्हा पायदळी तुडवलं त्यांच्या नावांवरून पुन्हा पाय का जाऊ द्यायचे? मला दगड आवडतात, तरीही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. म्युनिकमध्ये २०१८ पासून भिंतींवर फलक आणि नजरेच्या उंचीवर खांब लावतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात १६ दगड उखडून चोरीला गेले. लोकांनी पैसे जमवले आणि दगड पुन्हा बसवले.

पितळ काळं पडतं, ते घासावं लागतं. त्यासाठी दिवस ठरलेला, ९ नोव्हेंबर. १९३८ साली त्याच रात्री ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनामंदिरं फोडली-जाळली होती. तुमची ट्रिप त्या सुमारास असेल, तर ऐन थंडीत फुटपाथवर गुडघे टेकून, जुनं फडकं आणि पॉलिश घेऊन बसलेली माणसं दिसतील. बाजूला मेणबत्ती, एखादं पांढरं फूल.