अभियांत्रिकीची शाखा कशी निवडावी ?

बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांची ये-जा सुरू होते. कोणी पेढे घेऊन येतात, कोणी गुणपत्रिका घेऊन येतात, आणि पुष्कळजण एक प्रश्न घेऊन येतात. इ. स. २०२५ च्या जून महिन्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील असेच आले. अक्कलकोट रोड एमआयडीसींत ते टॉवेलाचे माग चालवितात. रात्रपाळी संपवून ते थेट शाळेंत आले होते. केसांवर कापसाचे तंतू तसेच होते. ते म्हणाले, "सर, पोरगं कंप्युटर म्हणतंय, त्याचा मामा सिव्हिल म्हणतोय. साठवलेला पैसा एकदाच लावायचा आहे. तुम्हीच सांगा काय घ्यावं." आम्हीं त्यांस बसवून घेतलें, पाणी दिलें, परंतु उत्तर मात्र त्या वेळीं नीट देतां आलें नाहीं. तें या लेखांत देण्याचा विचार आहे.

प्रथम शाखा म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. तें पुस्तकांतून सांगण्यापेक्षां प्रत्यक्ष दाखवावें, म्हणून इ. स. २०२३ च्या जानेवारींत आम्ही इयत्ता दहावीचे कांहीं विद्यार्थी व विद्यार्थिनी घेऊन याच वसाहतींतील एका टॉवेल-कारखान्यांत गेलों होतों. वरील गृहस्थांचा मुलगाहि त्यांत होता. सोलापूर आणि सूत यांचा संबंध जुना आहे. इ. स. १८७७ मध्यें येथें पहिली कापडगिरणी निघाली. पुढें गिरण्या वाढल्या, आणि कालांतरानें बंदहि पडल्या. परंतु मागांचा खडखडाट थांबला नाहीं. तो पूर्वभागांतील घराघरांतून आणि औद्योगिक वसाहतींच्या शेडांतून चालूच राहिला. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. कारखान्याच्या दारांत आम्हीं मुलांस एवढेंच सांगितलें कीं, एक टॉवेल तयार व्हावयास कोणकोणत्या विद्या लागतात तें पाहा, आणि मनांत जो प्रश्न येईल तो वहींत लिहून ठेवा.

टॉवेलाच्या अंगावर सुताचे बारीक फांसे असतात. पाणी टिपून घेतात ते हेच. ते कसे उठतात ? मागावर उभ्या धाग्यांचीं दोन बीमें असतात. एकाचे धागे ताणलेले, दुसऱ्याचे सैल. दोन आडवे धागे घातले जातात, पण फणी त्यांस कापडाच्या कडेपर्यंत नेत नाहीं. थोडें अंतर राखते. तिसरा धागा घातला कीं फणी तिन्ही धाग्यांस एकदम पुढें ढकलते. ताणलेल्या धाग्यांवरून ते सरकतात, आणि सैल धागा मध्यें सांपडून फांशासारखा वर येतो. हीच क्रिया क्षणाक्षणाला घडत राहते. गति, बळ, घर्षण व उष्णता यांचा असा विचार करणारी ती यंत्र शाखा. सुताचा पीळ, त्यास दिलेली खळ आणि विणीची घडण यांचा विचार करणारी ती वस्त्र शाखा; ती मुंबईस वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेंत व इचलकरंजीस शिकवितात.

माग फिरतो तो विजेच्या मोटारीवर. मोटार जी वीज ओढते तिचा कांहीं भाग केवळ चुंबकत्व उत्पन्न करण्यांत गुंततो; त्यानें काम होत नाहीं, तारांवरचा भार मात्र वाढतो. मोटारीजवळ धारित्र बसविलें म्हणजे हा भार हलका होतो व कारखानदाराचें बिल उतरतें. हें विद्युत् शाखेचें क्षेत्र. आपल्या जिल्ह्यांत तें पाहावयास दूर जावें लागत नाहीं. दक्षिण सोलापूर तालुक्यांत फताटेवाडीजवळ १३२० मेगावॅटचें औष्णिक विद्युत्-केंद्र उभें आहे. आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सोलापूर-रायचूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनेंच दक्षिण भारताचें वीजजाळें उरलेल्या देशाच्या जाळ्यास जोडलें गेलें.

प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पत्ती लोंबत असते. धागा तुटला कीं पत्ती खालीं पडते, विजेचें मंडल पुरें होतें आणि माग आपोआप थांबतो. अशा सूक्ष्म प्रवाहांस निरोप्याचें काम शिकविणारी ती इलेक्ट्रॉनिक्स शाखा. टॉवेलावरची नक्षी पूर्वीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरत असे. नव्या मागांवर ती संगणकांतून येते. काम लहान लहान पायऱ्यांत मांडून तें यंत्राकडून बिनचूक करून घेणें ही संगणक शाखा. रंगखात्यांत मीठ घातलें म्हणजे रंग सुताकडे ओढला जातो आणि सोडा घातला म्हणजे तो सुताशीं कायमचा जोडला जातो. न जोडलेला रंग व मीठ पाण्याबरोबर बाहेर पडतें, आणि तें पाणी शुद्ध केल्यावांचून सोडतां येत नाहीं. हा रसायन शाखेचा विषय. आणि ज्या शेडेखालीं हें सर्व चालतें तिचा पाया, छप्पर, सांडपाण्याचे मार्ग, जिने व दारें यांचा विचार करणारी ती स्थापत्य शाखा.

तात्पर्य, टॉवेल एकच. परंतु तो निरनिराळ्या बाजूंनीं पाहण्याच्या ज्या रीति आहेत त्यांसच शाखा म्हणतात. त्यांत वरिष्ठ-कनिष्ठ असा भेद नाहीं.

शाळेंत परत आल्यावर आम्हीं वह्या वाचल्या. सर्व मुलांनीं एकच कारखाना पाहिला, पण प्रत्येकाची दृष्टि निराळ्या जागीं थबकली होती. एकानें फणीचें चित्र काढलें होतें. एकीनें विचारलें होतें, रंगाचें पाणी शेवटीं जातें कोठें ? दुसऱ्या एका मुलीनें लिहिलें होतें, "आग लागली तर आंतलीं माणसें कोणत्या दारानें बाहेर पडतील ?" हा प्रश्न त्या वेळीं आम्हीं वाचला आणि पान उलटलें. पुढें १८ मे २०२५ रोजीं पहाटे याच वसाहतींतील एका टॉवेल-कारखान्यास आग लागून आठ माणसांचे प्राण गेले; त्यांत एक लहान मूलहि होतें. त्या दिवशीं ती वही आम्हांस आठवली, आणि एवढा महत्त्वाचा प्रश्न आपण वाचून सोडून दिला याची खंत वाटली. वायरी कशा ओढाव्यात, दारें किती व कोठें असावींत, धूर कोणत्या वाटेनें बाहेर काढावा, हे अभियंत्याचे रोजचे प्रश्न आहेत, आणि त्यांच्या उत्तरांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून ज्याचें मन आपल्या विषयांत नाहीं असा अभियंता स्वतःचें नुकसान करतो, तसेंच दुसऱ्यांसहि धोक्यांत घालतो.

आतां निवडीचा मूळ मुद्दा. यंदा कोणत्या शाखेस मागणी आहे, हा प्रश्न पालक प्रथम विचारतात. तो चुकीचा नव्हे. पण तो पहिला नव्हे. आज प्रवेश घेणारा मुलगा चार वर्षांनीं बाहेर पडेल व पुढें तीस-पस्तीस वर्षें काम करील. तोंपर्यंत आजची मागणी तशीच राहील असें कोण सांगणार? आपल्याच गांवीं गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, अशी एके काळीं समजूत होती. त्या गिरण्यांचें काय झालें तें आपल्या आजोबांस विचारावें. गणित, पदार्थविज्ञान व स्वच्छ विचार करण्याची संवय मात्र बुडत नाहीं, आणि ती ज्या विषयांत मन रमतें त्याच विषयांत पक्की होते.

या बाबतींत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांचा जन्म इ. स. १८६९ मध्यें बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकलेच्या आवडीनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखतां येत नाहींत असें त्यांस आढळलें. त्यांनीं चित्रकला सोडली, पण हातांतली रेघ सोडली नाहीं. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढें लोखंडी नांगर तयार करून इ. स. १९१० मध्यें त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. आपल्यांत काय आहे आणि काय नाहीं, हें दोन्ही त्यांनीं निर्भयपणें पाहिलें. निवड एकदां चुकली म्हणून जन्म चुकत नाहीं, हेंहि त्यावरून दिसतें.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. बारावीस पदार्थविज्ञान व गणित घेऊन राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा दिली म्हणजे पदवीच्या मध्यवर्ती प्रवेशप्रक्रियेंत भाग घेतां येतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळविण्याचाहि मार्ग आहे. लवकर कमावतें व्हावें लागणाऱ्या घरास तो उपयोगी पडतो. प्रवेशाच्या अर्जांत महाविद्यालय व शाखा यांचा पसंतिक्रम भरावा लागतो. तो शेजाऱ्याच्या अर्जावरून उतरवूं नये, आणि त्या वर्षाचे नियम स्वतः वाचल्याशिवाय भरूं नये. कारण वरच्या क्रमांकाची जागा मिळाली म्हणजे ती स्वीकारणें पुष्कळदां बंधनकारक ठरतें. जी जागा खरोखर नको ती यादींत लिहूंच नये.

पहिल्या वर्षाचे बरेच विषय सर्व शाखांस समान असतात. त्यानंतर गुणांवर व रिकाम्या जागांवर शाखा बदलून मिळूं शकते. परंतु त्या भरंवशावर नावडती शाखा घेणें शहाणपणाचें नव्हे. उलट, मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या शाखेंतील कांहीं विषय जोडीला घेण्याची सोय आतां असते. यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यानें संगणकाचे विषय घ्यावे, त्यांत नवल उरलेलें नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या नांवांच्या शाखा निघाल्या आहेत. त्यांस भिऊं नये, त्यांवर भाळूंहि नये. चारही वर्षांची विषयसूची मागवून वाचावी, म्हणजे नांवाआड गणितच उभें आहे हें कळेल. महाविद्यालयाची इमारत पाहण्याऐवजीं प्रयोगशाळा पाहावी, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशीं तास-अर्धा तास बोलावें.

मुलींच्या पालकांस एक विशेष विनंति. यंत्र आणि स्थापत्य हीं मुलांचीं कामें, असें म्हणून मुलीची वही मिटूं नये. आगीचा प्रश्न मुलीसच सुचला होता. इ. स. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनानें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. कागदपत्रें मात्र आधीं तयार ठेवावींत.

त्या गृहस्थांची गोष्ट राहिली. ते गेल्यावर आम्हीं कपाटांतून त्यांच्या मुलाची वही काढली व दुसऱ्या दिवशीं त्यास बोलावून घेतलें. त्यानें लिहिलें होतें, "इतक्या धाग्यांपैकीं एकच तुटला तर मागाला तें कसें कळतें ?" वही पाहून तो हंसला, आणि मग त्या पत्तीविषयीं व तशा इतर युक्तींविषयीं इतका वेळ बोलत राहिला कीं मधल्या सुटीची घंटा केव्हां झाली तें दोघांसहि कळलें नाहीं. कंप्युटर कां घ्यावयाचें असें विचारलें तेव्हां मात्र "सगळे घेतात म्हणून" याहून अधिक त्यास सांगतां आलें नव्हतें. त्यानें इलेक्ट्रॉनिक्स पहिलें व संगणक दुसरें लिहून अर्ज भरला. वडिलांनीं एकच विचारलें, "त्याला ह्यातलं मनापासनं आवडतंय नव्हं ?" आम्हीं होय म्हणालों.

त्या मुलाची निवड प्रत्येकानें उचलावी असें आमचें म्हणणें नाहीं. त्याची रीत उचलावी. विद्यार्थिमित्रहो, अर्ज भरण्यापूर्वीं एकदां तरी एखादा कारखाना, एखादें बांधकाम किंवा एखादें वीजकेंद्र परवानगी घेऊन पाहून या, आणि आपल्या मनांत आपोआप कोणता प्रश्न उठतो तो लिहून ठेवा. पालकहो, तुमचा पैसा घामाचा आहे हें आम्ही जाणतों. म्हणूनच तो लावण्यापूर्वीं मुलाच्या हातची ती वही एकदां वाचा.