ढगातून विमान उतरते कसे?

कळंबोलीशेजारचे नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून प्रवाशांसाठी सुरू झाले. पावसाळी ढगात वैमानिकाला धावपट्टी दिसते कशी, असे आमच्या वस्तीतली मुले विचारतात. बंधू-भगिनींनो, ती दिसतच नाही!

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचा अँटेना रेडिओलहरींवर 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर सोडतो. विमान डावीकडे सरकले की पहिल्याचा जोर, उजवीकडे सरकले की दुसऱ्याचा. दोन्ही सारखे, म्हणजे विमान मधोमध. दहावीच्या पोरापोरींना सहज कळेल असे हे विज्ञान आहे. बाजूचा दुसरा अँटेना याच रीतीने सुमारे 3 अंशांचा उतार दाखवतो, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 5 मीटर खाली. विमानातले यंत्र हे संकेत पाळते.

प्रवाशांसह पहिले स्वयंचलित उतरणे 1965 साली लंडनच्या हीथ्रोला झाले. तरी सगळीकडे यंत्रावर भिस्त टाकता येत नाही. साध्या प्रकारच्या व्यवस्थेत सुमारे 200 फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. नाहीतर विमान पुन्हा वर न्यायचे. त्यामुळे आपले माणूस बसलेले विमान उतरता उतरता वर गेले, तर घरच्यांनी घाबरू नये. सोसाट्याच्या आडव्या वाऱ्यात तर बहुधा वैमानिक स्वतःच विमान हाती घेतो.