पोटदुखी आणि रक्ताचा रिपोर्ट

बचत गटाच्या बैठकीत आम्ही हप्त्यांबरोबर तब्येतीचीही विचारपूस करतो. एक गोष्ट कायम दिसते. पोटात कळा येत असल्या तरी बाई आधी स्वयंपाक उरकते, मग दवाखान्याचं बघते. अपेंडिक्सच्या दुखण्यात ही दिरंगाई महागात पडते.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली करंगळीसारखी नळी. तिचं तोंड बुजलं की ती सुजते. दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. भूक जाते, मळमळतं, अंग कोमट होतं. नळी फुटली तर पू पोटात पसरतो आणि जिवावर बेततं.

मग डॉक्टर रक्त का तपासतात? पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. सूज आली की त्या वाढतात. त्यातल्या न्यूट्रोफिल वाढल्या आणि लिम्फोसाइट घटल्या, तर सूज जोरात आहे असं समजतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. ते खूप चढलं, किंवा काविळीत बघतात ते बिलिरुबिन वाढलं, तर नळी सडली किंवा फुटली असावी अशी शंका येते. ऑपरेशनची घाई किती, हे ठरवायला या आकड्यांची मदत होते.

पण नुसत्या रिपोर्टवर विसंबू नका. सीआरपी चढायला ६ ते १२ तास लागतात, म्हणून सुरुवातीचा रिपोर्ट चांगलाही येतो. दुखणं वाढत असेल तर पुन्हा दाखवा. गरोदरपणात पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात. म्हणून डॉक्टर पोट दाबून बघतात, सोनोग्राफी करतात आणि सगळं मिळून ठरवतात. पाळी चुकली असेल तर न लाजता सांगा. गर्भ नळीत राहिला तरी असंच दुखतं, आणि तेही तितकंच धोक्याचं.

घरी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका, पोट चोळू नका. दुखणं कधी एकदम थांबतं, तेव्हा बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. नळी फुटल्यावरही थोडा वेळ आराम पडतो. दुखणं कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, जुने रिपोर्ट बरोबर घ्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.

स्वयंपाक शेजारीण करेल. आपण आधी दवाखाना गाठू या.