हिमगौरी : आधी गोष्ट, मग सिनेमा

मुलांना हिमगौरीचा सिनेमा दाखवणार असाल, तर आधी ग्रिम बंधूंची गोष्ट वाचून दाखवाच! गोष्ट छापली गेली १८१२ मध्ये, डिस्नेचा सिनेमा आला १९३७ मध्ये.

पुस्तकात राणी वेश पालटून तीनदा येते. आधी चोळीची नाडी करकचून आवळते, मग विषारी कंगवा डोक्यात खोचते, शेवटी सफरचंद देते. सिनेमात थेट सफरचंदच. ‘जास्त काय आवडलं?’ असं विचारलं की मुलं एका शब्दात मोकळी होतात. त्यापेक्षा ‘आधीच्या दोन खेपा का गाळल्या असतील?’ हे विचारून बघा, भन्नाट उत्तरं येतात.

बुटक्यांना पुस्तकात नावंच नाहीत, ती मुलांनाच द्यायला सांगा. आणि हिमगौरी जागी कशी होते? पुस्तकात पेटी नेणारे नोकर अडखळतात, हिसक्याने घशातला तुकडा बाहेर पडतो! राजपुत्राचं चुंबन सिनेमातलं.

तापलेल्या लोखंडी जोड्यांत राणीला मरेपर्यंत नाचवण्याचा पुस्तकातला शेवट मात्र अगदी लहानांना सांगू नये, असं माझं मत. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोन्ही शेवट सांगा आणि भांडू द्या मनसोक्त!