एक शहर, दोन खासदार

विभागणी : पिंपरी-चिंचवडमध्ये विधानसभेचे तीन मतदारसंघ. पिंपरी (अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि चिंचवड हे मावळ लोकसभेत, भोसरी शिरूर लोकसभेत. चाकण खेड-आळंदीत, म्हणजे शिरूरमध्येच. त्यामुळे भोसरीतून चाकणला कामाला जाणाऱ्याच्या घराचा आणि कामाच्या ठिकाणचा खासदार एकच, चिंचवडहून जाणाऱ्याचे दोन वेगळे.

केव्हापासून : २००८ची पुनर्रचना, आधार २००१ची जनगणना. पहिली निवडणूक २००९. जुना खेड लोकसभा मतदारसंघ तेव्हाच संपला.

मावळ : घाटाच्या दोन्ही बाजूंना. पुणे जिल्ह्यातले मावळ, चिंचवड, पिंपरी. रायगडमधले पनवेल, कर्जत, उरण. २००९ गजानन बाबर. २०१४, २०१९, २०२४ श्रीरंग बारणे.

शिरूर : जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी, हडपसर. २००९, २०१४ शिवाजीराव आढळराव पाटील. २०१९, २०२४ अमोल कोल्हे.

२०२४ : दोन्हीकडे मतदान १३ मे, मतमोजणी ४ जून.

कामगारांनी हे जरूर लक्षात ठेवावे : मत नाव नोंदलेल्या ठिकाणीच देता येते, कारखाना कुठेही असो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब : मतदानादिवशी मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी, रोजंदारीवरच्यालाही.