नवं स्टेडियम? नको रे बाबा!

मुलांनो, तुमची शाळा उद्या मोठ्या, चकचकीत इमारतीत हलवली तर? काही जण उड्या मारतील, काही जुन्या बाकासाठी रडतील! लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचं अगदी तसंच झालं.

त्यांचं जुनं मैदान अप्टन पार्कला, १९०४ पासूनचं. जवळच्या रस्त्यावर साड्यांची आणि मिठाईची दुकानं, कारण त्या भागात आपले भारतीय बरेच! मैदान तसं लहान, सुमारे ३५ हजार प्रेक्षकांचं. पण पुढच्या रांगेतून खेळाडूंची आरडाओरडसुद्धा ऐकू यायची. १० मे २०१६ ला तिथला शेवटचा सामना झाला. वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला ३-२ असं हरवलं. पुढे मैदान पाडून तिथे घरं बांधली.

क्लब गेला २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये. जागा साठ हजारांवर! पण ते मुळात धावण्याच्या शर्यतींसाठी आखलेलं. मैदानाभोवती धावपट्टी, म्हणून प्रेक्षक लांब. फुटबॉलच्या दिवसांत पुढच्या खुर्च्या सरकवून जवळ आणतात, तरी अंतर उरतंच. “दुर्बीण आणायची का?” असं जुने चाहते कुरकुरतात. दुसरे म्हणतात, “अहो, पूर्वी तिकीटच मिळत नव्हतं!” हेही खरंच. पहिल्या वर्षी तर मुलांना ९९ पौंडांत अख्ख्या हंगामाचं तिकीट होतं. मला विचाराल तर या मुद्द्याला जास्त गुण!

२०२३ मध्ये संघाने युरोपातला चषक जिंकला, तरी वाद चालूच आहे. १९६६ चा विश्वचषक उंचावणाऱ्या बॉबी मूरचा पुतळा मात्र जुन्या मैदानाजवळच उभा आहे.